'पुढे बघू'चा कप्पा

मी लॅबमधला जुना डीप फ्रीझर बोलतोय. इतकी वर्षं माझ्या तोंडून घरघरीशिवाय दुसरं काही निघालं नाही. परवा माझी वायर भिंतीतून काढली आणि सगळं शांत झालं. आता भंगाराची गाडी येईपर्यंत मला दुसरं काही काम नाही, म्हणून म्हटलं, सांगून टाकावं.

तुमच्या घरातला फ्रीज माझा लांबचा भाऊ. त्याचं दार दिवसातून कितीदा उघडतं, कुणी तरी आत उगाच डोकावतं आणि काही न घेताच बंद करतं. माझे तसले लाड कधी झाले नाहीत. माझ्या आत इतकी थंडी की उघडा हात कप्प्याला लागला तर कातडी चिकटून यावी. जाड हातमोजे घातल्याशिवाय माझ्या दाराला कुणी हात लावत नसे, आणि दार उघडलं की जो तो घाईत. चटकन ठेवा, चटकन काढा, लावा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी या हॉस्पिटलात आलो तेव्हा लॅबच्या दारातून आत जाईना. सुताराला बोलावून चौकट काढावी लागली. लॅबचे मोठे सर बाजूला उभं राहून सगळ्यांना सूचना देत होते. मला मिळवायला त्यांनी वरच्या लोकांकडे इतक्या खेपा घातल्या होत्या की पहिले काही महिने सगळे मला 'सरांचा जावई' म्हणायचे. कुणी माझ्यावर डबा ठेवला तर सर ओरडायचे. कुणी माझ्या अंगावर कॅलेंडर चिकटवलं तर स्वतःच्या नखाने ते खरवडून काढायचे.

पुढे नाव पडलं थंडोबा. ते ठेवलं ताईने.

ताई लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. पेशंटच्या घशातला स्राव घ्यायचा, नळीत घालायचा, तपासायचा, हे तिचं काम. दर हिवाळ्यात ताप-खोकल्याच्या पेशंटांची रांग लागायची. बहुतेकांच्या नळीत ओळखीचा कुठला तरी फ्लू निघायचा. पण काहींच्या नळीत काहीच निघायचं नाही. माणूस तापाने फणफणलेला आणि रिपोर्ट कोरा. अशा नळ्या घेऊन ताई सरांकडे जायची आणि सर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "ठेवून द्या. पुढे बघू."

त्या नळ्या माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जायच्या. त्या कप्प्याचं नावच पडलं 'पुढे बघू'. पुढे कुणीच बघायचं नाही. दुसरा हिवाळा यायचा, दुसऱ्या नळ्या यायच्या. माणसांची ही सवय मला लवकर कळली. जे समजत नाही ते फेकवतही नाही, आणि त्याच्याकडे बघत बसायला सवडही नसते. मग ते थंडीत ठेवून देतात.

आतून मी कितीही गार असलो तरी बाहेरून गरम हवा सोडतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. वहिनीला ते बरोबर ठाऊक होतं. वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात कामाला; नात्याने कुणाची नव्हे, पण सगळे तिला वहिनीच म्हणायचे. लॅबचे कोट घेऊन ती यायची आणि थंडीच्या दिवसांत गार पाण्याने आखडलेले हात माझ्या जाळीसमोर धरून उभी राहायची. "तुझ्या थंडोबाला म्हणावं, आत एक नि बाहेर एक, माणसासारखाच आहेस की," असं ती ताईला म्हणाली होती. दोघी जेवायला माझ्याशेजारीच बसायच्या. एकीचा डबा उघडला की दुसरी आधी त्यातलं चाखायची आणि मग स्वतःचा उघडायची.

वहिनीचा नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. बंदराच्या शहराला जायचा आणि परत यायचा. त्याला मी कधी पाहिलं नाही, पण ऐकून ऐकून ओळखत होतो. कुठल्या वळणावर कुणाला मळमळतं हे त्याला पाठ होतं म्हणे, आणि तिथे तो आपणहून गाडी हळू करायचा. वहिनी सांगायची, "बसमध्ये एवढी काळजी, आणि घरात पाण्याचा पेला उचलून ठेवायचा नाही."

ताईचे बाबा चष्मेवाले होते. हॉस्पिटलच्या फाटकासमोर त्यांचं दुकान. अर्ध्या हॉस्पिटलच्या नाकावर त्यांचा चष्मा होता, सरांच्यासुद्धा. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरायचं, अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन काड्या कानांमागे नीट बसतायत का बघायचं. "नाक सरळ ठेवा, बाकी मी बघतो," असं म्हणायचे म्हणे. ताई त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करायची की वहिनीला ठसका लागायचा.

मी सांगतोय त्या वर्षी, थंडी नुकती सुरू झाली होती, तेव्हा बाबांना खोकला धरला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग ताप चढला, जिना चढताना धाप लागायला लागली. ताई त्यांना घेऊन आली. पलीकडच्या खोलीत तिने स्वतःच त्यांच्या घशातला स्राव घेतला. मला भिंतीआडून त्यांचा आवाज ऐकू आला. "अगं, हळू. तुझ्या हातून जीव जायचा माझा." आणि मग दोघं हसली, आणि हसता हसता बाबा खूप वेळ खोकत राहिले.

नळीत काही निघालं नाही. ताईने माहीत होत्या तेवढ्या सगळ्या तपासण्या लावून बघितल्या. सर स्वतः वॉर्डात जाऊन आले. म्हणाले, "वय झालंय, छाती धरलीय. औषध चालू ठेवू." आणि नळीबद्दल म्हणाले, "ठेवून द्या. पुढे बघू."

बाबा त्या आठवड्यातच गेले.

रजा संपवून ताई कामावर आली तेव्हा वहिनीने तिला माझ्याजवळ बसवलं आणि तिचे हात आपल्या हातात धरून ठेवले. ताई सांगत होती, "घरात पाय ठेवायला जागा नव्हती गं. ज्यांना ज्यांना बाबांनी चष्मा केला, ते सगळे आले. प्रत्येकाने आईला पोटाशी धरलं. तेवढाच तिला धीर."

मग लांब कुठे तरी एक नवा विषाणू निघाल्याची बातमी आली. मग तो जवळ आला. आमच्या हॉस्पिटलला हुकूम आला की जो बाहेरून प्रवास करून आलाय आणि ज्याला ताप आहे, त्याचीच तपासणी करायची. सामान थोडं होतं, त्यामुळे नियम कडक.

हिवाळा सरत आला तेव्हा वहिनीचा नवरा बंदराहून गाडी घेऊन परतला, तो तापानेच. नियमात बसणारा. त्याची नळी तपासली आणि त्यात तो विषाणू सापडला. दाराबाहेर बातमीदार उभे होते. सर बाहेर गेले आणि म्हणाले, "आपल्या शहरातला हा पहिला रुग्ण. बंदराहून येणाऱ्या बसचा चालक आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो होता. बस कुठली, गल्ली कुठली, बायको कुठे कामाला, सगळं होतं. वहिनीला फाटकावरूनच परत पाठवलं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माझं दार सारखं उघडत होतं, मिटत होतं. मी गळ्यापर्यंत भरलो. ताई डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये असायची, तिचं तोंड मला दिसायचं नाही. बाहेर माणसं जात होती, आणि त्यांच्या घरच्यांना त्यांचं तोंडही बघायला मिळत नव्हतं. कधी तरी ताई माझ्या दाराला पाठ लावून खाली बसायची आणि जो कुणी जवळ असेल त्याला म्हणायची, "बाबा सुटले. यात सापडले नाहीत. सगळ्यांच्या खांद्यावरून व्यवस्थित गेले." दमलेला माणूस पाणी पितो तसं ती हे वाक्य घ्यायची.

ड्रायव्हर बरा झाला. आजारातून बरा झाला म्हणजे. घरी आला तर भिंतीवर काही तरी लिहून ठेवलेलं. खिडकीची काच फुटलेली. ती बसवली तर परत फुटली, मग त्यांनी फळीच ठोकून घेतली. कामावर गेला तर लोक चढायच्या आधी विचारायचे, गाडीवर कोण आहे. कंपनीने त्याला आगारात गाड्या धुवायला लावलं. काही दिवस त्याने त्या धुतल्या. मग एका सकाळी पिशवी भरली आणि भावाच्या गावी निघून गेला. वहिनी नोकरीसाठी मागे राहिली.

ती परत कामावर आली, पण माझ्या खोलीत जेवायला आली नाही. ताईनेही बोलावलं नाही. ताईच्या मामाचा मुलगा त्या साथीत गेला होता, आणि गावातल्या सगळ्यांसारखं तिच्याही मनात कुठे तरी होतंच की हे त्या बसमधून आलं. ती वर आपल्या टेबलावर जेवायला लागली. वहिनी कोटांचं गाठोडं दाराबाहेर ठेवून जायची. दोघींचं भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

साथ ओसरली, सर निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. सर सल्लागार म्हणून अधूनमधून यायचे आणि माझ्याजवळच्या स्टुलावर बसायचे. मॅडमच्या डोक्यात एकच विषय होता. हा विषाणू आपल्याकडे नेमका आला कधी?

"त्यात शोधायचं काय आहे?" सर म्हणाले. "त्या बसच्या आधी आपल्याकडे एकही केस नव्हती."

"नव्हती, की आपण बघितली नव्हती?"

"म्हणजे?"

"सर, आपण तपासत कुणाला होतो? बाहेरून आलेल्याला. मग सापडणार कोण? बाहेरून आलेलाच. घरात बसून खोकणाऱ्याला आपण विचारलंच नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या जुन्या नळ्यांवर माझा भरवसा नाही. इतकी वर्षं पडून आहेत. साथीत याच खोलीत हजारो नळ्या हाताळल्या, एखाद्या थेंबाने घोळ होतो. आणि एका नळीवरून इतिहास बदलायचा नसतो."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून अर्धा अर्धा भाग बाहेरच्या लॅबलाही पाठवू. तिथे ही खोली नाही आणि आपले हातही नाहीत."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती वाटत होती, एवढंच. कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही.

नळ्या काढायचं काम ताईकडे आलं. तिने हातमोजे चढवले, खालचा कप्पा ओढला, आणि तशीच वाकून राहिली. थंडी भसाभस बाहेर पडत होती.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"यात माझ्या बाबांची पण नळी आहे."

"मग ती राहू दे. आपल्याकडे पुष्कळ आहेत."

"नाही, घ्या ना. त्यात काही निघायचं नाही. ते या सगळ्याच्या आधीच गेले." असं म्हणून तिने अख्खा कप्पा ट्रॉलीवर ठेवला.

निकाल आले त्या दिवशी मॅडम स्वतः खाली आल्या. ताई नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होती.

"ताई, बसा जरा."

"बोला ना, उभी आहे."

"बसा."

ताई स्टुलावर बसली. मॅडम म्हणाल्या की बहुतेक नळ्यांत काही नव्हतं. पण थोड्या नळ्यांत तो विषाणू सापडला, आणि त्या सगळ्या बस यायच्या आधीच्या होत्या. बाहेरच्या लॅबचंही तेच म्हणणं होतं. सगळ्यात जुनी नळी ज्यांची, ते फाटकासमोरचे चष्मेवाले.

ताईने आधी विचारलं, "मशीन परत लावून बघितलं होतं?"

"बघितलं."

"नळ्यांची अदलाबदल?"

"नाही, ताई."

ती हातातली चिठ्ठी बोटावर चिकटवत आणि काढत राहिली. मग म्हणाली, "मी स्वॅब घेतला तेव्हा ते हसत होते. मी तोंडाला काही बांधलं नव्हतं." थोड्या वेळाने म्हणाली, "घरभर माणसं आली होती, मॅडम." आणि मग, अगदी हळू, "म्हणजे बाबा सुटले नव्हते."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तेही पहिले नसतील. ते कुठे बाहेर गेले नव्हते, म्हणजे त्यांना इथल्याच कुणी तरी दिला. पहिला म्हणजे काय हो, आपल्याला सापडलेला पहिला."

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर वहिनीच्या गाठोड्याचा आवाज झाला, तशी ताई उठून बाहेर गेली आणि तिला आत घेऊन आली. किती दिवसांनी ती माझ्या खोलीत आली होती. ताईने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वहिनी ऐकता ऐकता कोटांच्या घड्या परत घालत होती, घातलेल्याच घड्या.

"मग हे आता छापून येईल?" तिने विचारलं.

"येईल. पण बाबांचं नाव येणार नाही. पेशंटचं नाव सांगायचं नाही असा नियम आहे."

वहिनीने कोट खाली ठेवला. "आमच्या वेळी कुठे होता गं हा नियम?"

आवाजात राग नव्हता. तिने खरंच विचारलं होतं.

मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो माझ्याजवळच्या स्टुलावर ठेवला, दोघींना ऐकू यावा म्हणून. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. भारदस्त असेल असं वाटलं होतं, पण दबका निघाला. वहिनीने सांगितलं. 

"ऐकताय ना?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "त्या थंडीत मी गेलो होतो काकांकडे. चष्म्याचा नंबर वाढला होता. त्यांनी पुष्कळ वेळ समोर बसवून घेतलं. सारखे खोकत होते. मी म्हटलं, काका, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, मुलगीच आहे की हॉस्पिटलात." मग म्हणाला, "ताई आहे का तिथे?"

"आहे."

"ताई, तुमच्या आई घरी एकट्या असतात ना? हे बाहेर पडल्यावर त्यांना कुणी काही बोललं, घरावर काही आलं, तर मला कळवा. मी येईन. मला त्याची सवय आहे."

ताईने ओंजळीत तोंड झाकलं. वहिनीने फोन बंद केला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या क्षणी मी घरघरत होतो, ते बरंच झालं; तिचं रडणं दाराबाहेर गेलं नाही.

ताईने ठरवलं की बाबांचं नाव उघड सांगायचं. नाव घरच्यांनी सांगितलं तर नियम आड येत नव्हता. पण तिचा भाऊ ऐकून थेट लॅबमध्ये आला. बाबांचं दुकान आता तोच चालवत होता.

"तुला काय मिळणार आहे यातून?" दादा म्हणाला. "पाटीवर बाबांचं नाव आहे. उद्या माणसं म्हणतील, याच दुकानातून पसरला. आणि त्यांना मेल्यावर कशाला ओढतेस यात?"

"तो माणूस जिवंतपणी ओढला गेलाय, दादा."

"आपण नाही ओढला."

"आपण सोडवलाही नाही."

"तुझी नोकरी पक्की आहे. मला दुकान चालवायचंय." त्याचंही खरं होतं. तो गेला तो दार न लावताच.

पुढच्या दिवशी ताईची आई आली. बारीक चणीची बाई, हातात कापडी पिशवी. ती घरी शिवणाचा क्लास घ्यायची, बाबा गेल्यावरही चालू ठेवला होता. तिला बघायचं होतं की 'यांचं' जे काही आहे ते कुठे ठेवलंय. ताईने तिला माझ्यासमोर आणलं. आईने हातमोजे घातले नाहीत, दारावर बाहेरून तळहात टेकला.

"इथे होते होय," ती म्हणाली. "मी इकडे तिकडे शोधत होते."

मग तिने विचारलं, "ते परत मिळेल का?"

"नाही गं. तपासणीत संपलं. आता रिकामीच नळी आहे."

आईने दारावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दादाशी भांडू नकोस. तो घाबरलाय. आणि यांचं नाव सांगायचं काही कारण नाही. माझं सांग."

"तुझं कशाला?"

"त्यांच्या आधी मला होता खोकला. तुला सांगितलं नाही, तू कामात होतीस. रात्री झोप यायची नाही, तेव्हा हेच उठून माझी पाठ चोळायचे. क्लासमधल्या दोघीतिघी खोकत होत्या. आम्ही म्हटलं, थंडी आहे. मग मी बरी झाले, आणि हे पडले." तिने पदराने माझ्या दारावरचा हाताचा ठसा पुसला. "ते गेलेत. त्यांना कोण काय बोलणार? मी आहे. मला बोलता येईल लोकांना."

ताईने त्या दिवशी काम केलं नाही. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली.

मॅडमनी शाळेच्या हॉलमध्ये गावातल्या लोकांना बोलावलं. मी कुठला तिथे जाणार, पण नंतर वहिनीने जे सांगितलं ते सांगतो. मॅडमनी सोप्या भाषेत सगळं मांडलं. लोक म्हणाले, मग पहिला कोण होता? मॅडम म्हणाल्या, माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. लोकांना ते उत्तर आवडलं नाही. कुजबुज सुरू झाली. तेव्हा ताईची आई उठली आणि माइक न घेताच म्हणाली, "चष्मेवाल्यांची बायको मी. त्यांना हा आजार झाला होता. त्यांना माझ्यापासून झाला असावा. मला कुणापासून, ते मला ठाऊक नाही. ज्याला कुणाला काही फेकायचं असेल, त्याने माझ्या खिडकीवर फेकावं. माझ्या खिडकीला फळी नाही."

 मग क्लासमधली एक बाई उठली आणि म्हणाली, तिलाही होता खोकला, तिच्या सासूलाही, आणि सासू त्याच थंडीत गेली. मग दूधवाला म्हणाला, मलाही. मग एक शिक्षक. त्यातले सगळे त्याच आजाराचे असतील असं नाही, काहींना साधी सर्दीच असणार. पण प्रत्येकाला आपापला खोकला आठवत होता आणि आपापला गेलेला माणूस. सर मागच्या रांगेत बसले होते. सगळे पांगल्यावर ते वहिनीजवळ आले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी 'पहिला' हा शब्द वापरायला नको होता." वहिनी म्हणाली, "हो." आणि ती घरी गेली.

एवढं झाल्यावर सगळं सुरळीत झालं असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. दुकानाचं गिऱ्हाईक काही महिने तुटलं, मग हळूहळू परतलं. दादा बहिणीशी अजून कामापुरतंच बोलतो. ड्रायव्हरची माफी मागायला त्याच्या घरी कुणी गेलं नाही. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी आली, फोटो नव्हता. कंपनीने त्याला परत बोलावलं, तर तो म्हणाला, आता रस्त्यावर लक्ष लागत नाही. तो भावाच्या गावीच राहतो. वहिनी सुट्टीला जाते आणि येते.

आईने क्लास बंद केला. ताई सांगते, मशीनवर चादर टाकून ती खिडकीशी बसते आणि मनातल्या मनात जुळवत राहते, त्या दिवसांत कोण कोण शिवायला आलं होतं, कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं, त्यातल्या किती जणी आता नाहीत. ताई म्हणते, आई, पुरे कर. आई म्हणते, करते.

माझ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉम्प्रेसर थकला, आतला बर्फ सुटायला लागला. नवे दोन फ्रीझर आले, दिसायला देखणे, आवाज जवळजवळ नाहीच. माझ्या पोटातल्या नळ्या ताईने एकेक करून त्यांच्यात हलवल्या. मला मागच्या बोळात आणून ठेवलं. माझ्यापाशी जेवढ्यांचं काही आलं, तेवढ्यांचं मी सांभाळलं. त्यांच्याआधी कुणाच्या घशात काय होतं, कुणी कुणाची पाठ चोळली, ते कुठल्याच पेटीत नाही. तुम्ही यापुढे कधी पहिला कोण म्हणून विचारलंत, तर ज्याच्याकडे बोट जाईल त्याला घर आहे आणि घराला खिडक्या आहेत, एवढं लक्षात असू द्या.

गाडी आली वाटतं. माणसं दोरखंड सोडतायत. उचला, पण सावकाश, मी वजनाने बराच आहे. आणि दार तेवढं नीट बांधून घ्या. आत आता कुणी नाही, तरी वाटेत उघडं पडलेलं बरं दिसत नाही.